सुई आणि स्वावलंबन

पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उरुळीच्या पुढें यवत नांवाचें स्टेशन लागतें. पुणें-सोलापूरचा हमरस्ताही याच गांवावरून जातो. आषाढी वारीस तुकोबांची पालखी निघाली म्हणजे तिचा एक मुक्काम यवतास पडतो, आणि त्या दिवशीं गांवकरी वारकऱ्यांस पिठलें-भाकरीचें जेवण घालतात, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. जवळच्या डोंगरावर भुलेश्वराचें प्राचीन देवालय आहे. यवताच्या पुढें खुटबाव आणि त्याच्या पुढें केडगांव. हीं लहान लहान स्टेशनें मेलगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्या प्रवाशास एकसारखींच भासावीं यांत नवल नाहीं. परंतु महाराष्ट्रीय स्त्रीच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण या वीस-पंचवीस मैलांच्या टापूंत घडलें आहे. जी सुई प्रत्येक घरांतील कोनाड्यांत पडलेली असे, ती स्त्रीच्या हातीं उपजीविकेचें साधन म्हणून कशी आली, त्याचें हें प्रकरण होय.

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिवणें ही कला आपल्याकडे नवी नव्हे. संतशिरोमणि नामदेव महाराज शिंपी कुळांत जन्मले, आणि सुई, कात्री, गज या वस्तु तेव्हांपासून मराठी परमार्थाच्या भाषेंतही रुळलेल्या आहेत. परंतु शिंप्याचा धंदा हा पुरुषाच्या नांवाचा धंदा होता. दुकानावर शिंपी बसे. घरांत त्याची बायको तुरपाई करी, काज करी, बंद लावी. पण गिऱ्हाइकाशीं बोलणें, माप घेणें, कापड बेतणें आणि पैसे मोजून घेणें हीं कामें पुरुषाचीं असत. बायकोच्या श्रमाचा हिशेब नवऱ्याच्या मजुरींतच मिळून जाई, आणि तो निराळा मांडावा असें कोणाच्याही मनांत येत नसे.

इतर जातींच्या घरांतून बायका सुई चालवीत नसत असें नव्हे. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवावी, फाटलेल्या धोतरास ठिगळ द्यावें, लेकराचें अंगडें, टोपडें आणि कुंची शिवावी, हें काम सर्व घरांत चाले. दुपारची निजानीज झाली म्हणजे ओसरीवर चार शेजारणी जमत आणि धावदोरा घालतां घालतां सुखदुःखाच्या गोष्टी निघत. पण तें काम रिकामपणाचें समजलें जाई. ज्या कामास मोल नाहीं त्या कामाची गणना श्रमांत होत नाहीं, हा जगाचा जुना न्याय आहे. आणि शिवणकामाच्या पुढील सर्व इतिहासावर या न्यायाची छाया पडलेली आहे.

शिवाय त्या काळीं शिवलेलें वस्त्र होतेंच किती? धोतर, उपरणें, पागोटें, लुगडें हीं वस्त्रें मागावरून उतरलीं कीं अंगावर चढत. सुईचा संबंध पुरुषांच्या बंडीशीं, बाराबंदीशीं व अंगरख्याशीं आणि बायकांच्या चोळीशीं येई. चोळीस खण लागे. गुळेदगुड्डाकडील खण विशेष नांवाजलेला. काठ विणूनच आलेला असे. तो दंडावर नीट बसेल अशा रीतीनें अस्तनी, बगल, पाठ हे भाग बेतावे लागत आणि पुढें गांठ मारण्यापुरते पदर सोडावे लागत. थोड्या कापडांत नेमकी चोळी बसविणें हें कसबाचें काम होतें. चोळी ही स्त्रीच्या मानाची आणि सौभाग्याची वस्तु होती. चोळी-बांगडीसाठीं म्हणून नेमणूक करून द्यावयाची जी चाल आपल्याकडे होती, तिच्या नांवांतच ही गोष्ट सांठविली आहे.

याच चोळीच्या संबंधानें एका क्रूर विसंगतीचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. ज्या ब्राह्मण स्त्रीचा पति वारला, तिचें केशवपन होई, अंगावर आलवण येई, आणि तिची चोळी कायमची सुटे. शिवलेलें वस्त्र वापरण्याचा तिचा हक्क त्या दिवसापासून संपे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यामुंबईंत ज्या स्त्रियांस प्रथम शिवणकाम हें पोटाचें साधन म्हणून शिकविण्यांत आलें, त्यांत पुष्कळशा अशाच विधवा होत्या. जिला स्वतःस चोळी घालण्याची बंदी, तिनेंच दुसरीची चोळी शिवून आपली भाकरी मिळवावी, असा हा योग होता.

या बदलाचीं कारणें दोन. एक कारण पोशाखांतील क्रांति, आणि दुसरें शिवणयंत्र.

इंग्रजी अमदानींत कचेऱ्या निघाल्या, शाळा निघाल्या, पलटणी व पोलिसांचे गणवेष आले. सदरा, कोट, पाटलोण यांची चाल शहरांतून वाढत गेली. सत्येंद्रनाथ टागोर हे हिंदी लोकांपैकीं पहिले सनदी नोकर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनीं मुंबईच्या पारशी स्त्रियांची लुगडें नेसण्याची व खालीं झंपर घालण्याची रीत पाहून तिच्या आधारें बंगाली भगिनींसाठीं नवा पोशाख रूढ केला. महाराष्ट्रांतही पुढें चोळीच्या जोडीस पोलकें आलें, मुलींसाठीं परकर-पोलकें व झगा आला. मुंबईंत १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि १८५८ सालीं पुण्यापासून दिकसाळापर्यंत आगगाडी सुरू झाली. तेव्हांपासून यवतासारख्या गांवच्या बाजारांत गिरणीचें कापड येऊं लागलें. कापड स्वस्त झालें कीं शिवलेल्या वस्त्रांची संख्या वाढते, आणि शिवणाऱ्या हातांची मागणीही वाढते.

यंत्राची हकीकत याहून मनोरंजक आहे. फ्रान्स देशांतील थिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट मिळविलें आणि लष्करी गणवेष शिवण्याचा कारखाना काढला. आपली मजुरी बुडणार या भीतीनें इतर शिंप्यांनीं त्या कारखान्यावर चाल करून यंत्रें मोडून टाकिलीं. पुढें अमेरिकेंत इलायस हाव यानें १८४६ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं त्यानें आपलें यंत्र पांच शिवणारणींबरोबर शर्यतीस लाविलें होतें, आणि मिनिटास सुमारें अडीचशें टांके घालून त्या यंत्रानें पांचींसही मागें टाकिलें. १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें आपलें सुधारलेलें यंत्र बाजारांत आणिलें. हाव यानें त्याच्यावर फिर्याद करून पेटंटाचा मोबदला वसूल केला, तथापि लोकांच्या तोंडीं सिंगरचेंच नांव राहिलें. याचें कारण व्यापाराची युक्ति होय. एकदम सर्व किंमत देण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांस सिंगर कंपनीनें १८५६ पासून हप्तेबंदीनें यंत्र देण्यास आरंभ केला. हातानें एक पुरुषी सदरा शिवावयास जेथें सुमारें चवदा तास लागत, तेथें यंत्रावर सव्वा तास पुरे, असा हिशेब त्या काळचे यंत्रविके मांडीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या पंचवीस वर्षांत हीं यंत्रें हिंदुस्थानांत फैलावलीं. परंतु तीं प्रथम कोणाच्या हातीं गेलीं? शिंप्याच्या दुकानांत आणि पेठेंतील ओट्यावर. म्हणजे पुरुषांच्याच हातीं. यंत्र आलें एवढ्यानें स्त्रीचा धंदा निर्माण झाला असें समजणें चुकीचें होईल. त्यासाठीं आणखी एका शक्तीची गरज होती. ती शक्ति म्हणजे, स्त्रीनें आपल्या श्रमाचें मोल घ्यावें आणि तें स्वतःच्या हातीं ठेवावें, असें निर्भयपणें म्हणणारी बुद्धि. त्या बुद्धीचें नांव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. पिते अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नी लक्ष्मीबाई हिला व पुढें मुलांस संस्कृत विद्या शिकविली. दुष्काळांत अन्नान्न होऊन आईबापांचा अंत झाला. भावाबरोबर पायीं हिंडत हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, आणि तेथील पंडितांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विवाहानंतर दोन वर्षें होण्यापूर्वींच, १८८२ च्या आरंभीं, त्यांस वैधव्य आलें. पदरीं मनोरमा नांवाचें लेकरूं. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनापुढें साक्ष दिली. म्हणजे अन्न नसणें म्हणजे काय आणि आधार नसणें म्हणजे काय, हे दोन्ही अनुभव त्यांनीं पुस्तकांतून घेतलेले नव्हते.

पुढें त्या इंग्लंडास गेल्या, तेथें १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, आणि १८८६ त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्तानें अमेरिकेस पोंचल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं १८८७ सालीं जें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत आपल्या भगिनींच्या तीन गरजा त्यांनीं सांगितल्या आहेत: स्वावलंबन, शिक्षण आणि देशी शिक्षिका. या तिहींत स्वावलंबनाचा क्रम पहिला आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेंतील लोकस्थितीवर त्यांनीं मराठींत जें प्रवासवृत्त लिहिलें, त्यांतही तेथील स्त्रिया कोणकोणते उद्योग करून चार पैसे मिळवितात याचें त्यांनीं मोठ्या बारकाईनें वर्णन केलें आहे.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, याच पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आलें. विद्येबरोबर गृहकृत्यें व हस्तव्यवसाय यांस तेथें स्थान होतें. परंतु १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर आदि सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाच्या गुणदोषांचा निर्णय येथें करावयाचा नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम प्रस्तुत विषयास धरून आहे. स्त्रीस स्वावलंबी करण्याचें काम त्यानंतर दोन निराळ्या प्रवाहांनीं वाहूं लागलें. एक प्रवाह रमाबाईंचा, तो केडगांवाकडे वळला. दुसरा पुण्यांतील सुधारक मंडळींचा.

केडगांवास रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर जमीन घेऊन तेथें फळबाग लाविली होती. भीमथडीचा हा मुलूख अवर्षणाचा. खडकवासल्याहून मुठेचा उजवा कालवा पाटसाच्या दिशेनें नेण्यांत आला, तरी बराचसा भाग पावसाच्याच भरंवशावर राहिला. याच तालुक्यांत सुपें येथें मे १८७५ त कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं सावकारांच्या खतपत्रांची होळी करून दक्षिणेतील दंग्यांस तोंड लाविलें होतें. अशा भूमींत १८९६-९७ च्या दुष्काळांत एक निराळेंच पीक आलें. मध्यप्रांतांत उपासमारीनें व त्याहून भयंकर अशा माणसांच्या हांवेनें गांजलेल्या सुमारें तीनशें मुली व स्त्रिया रमाबाईंनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगाचा कहर झालेला. म्हणून हा सर्व परिवार केडगांवास वसविण्यांत आला. हेंच मुक्ति सदन. १८९९-१९०० च्या गुजराथच्या महादुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार माणसांस खावयास काय घालावें, हा प्रश्न जितका बिकट, तितकाच अंगावर काय घालावें हाही प्रश्न बिकट होता. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतच धंदेशिक्षण होतें. सदनांत माग बसले, कापड विणलें जाऊं लागलें, आणि तें बेतून शिवण्याचें काम मुलींच्या हातीं आलें. त्याबरोबर तेलाचा घाणा, गाईम्हशींची दुभत्याची शाळा, धुलाई, भरतकाम, शेतीकाम आणि छापखाना हे उद्योगही चालले. छापखान्यांत खिळे जुळविण्यापासून पुस्तकें बांधण्यापर्यंत कामें स्त्रियांनीं केलीं. अंध मुलींसाठीं मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपीचें शिक्षण सुरू केलें.

येथें रमाबाईंच्या योजनेचा मर्मभाग दिसून येतो. शारदा सदनांतील मुली बहुशः उच्चवर्णीय होत्या. त्यांच्यापैकीं कित्येकींस शिक्षिका होतां येण्यासारखें होतें. केडगांवास आलेल्या दुष्काळग्रस्त मुली बहुतेक शेतकऱ्या-मजुरांच्या घरच्या. सर्वांस एकच विद्या द्यावी व ती न साधणाऱ्यांस निरुपयोगी ठरवावें, हा मार्ग रमाबाईंनीं पत्करिला नाहीं. जिला अक्षर येईल तिला अक्षर, जिला माग साधेल तिला माग, जिचें बोट हलकें तिला सुई. वाचन सर्वांस, परंतु धंदा ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणें. शिवणकाम हा त्या योजनेंतील एक धागा होता, सर्व वस्त्र नव्हे. आणि म्हणूनच त्यास बळकटी होती.

दुसऱ्या प्रवाहाच्या अग्रभागीं रमाबाई रानडे होत्या. न्यायमूर्ति हयात असतांनाच मुंबईंत त्यांनीं हिंदु स्त्रियांसाठीं जो क्लब चालविला, त्यांत भाषा व सामान्य ज्ञान यांबरोबर शिवण व हस्तकाम यांचेही वर्ग होते. १९०१ सालीं त्यांस वैधव्य आलें. १९०८ त बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढिलें, आणि १९०९ त पुण्याचें सेवासदन स्थापन झालें. रमाबाई रानडे अध्यक्षा आणि गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. प्रौढ स्त्रियांचे वर्ग, शिक्षिकांचें शिक्षण, परिचारिकांचें शिक्षण आणि शिवणकाम-भरतकामादि उद्योगांचें शिक्षण असें या संस्थेचें रूप झालें. तिकडे कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली होती, आणि १९०० सालीं तो आश्रम हिंगण्यास गेला होता. अखिल हिंदुस्थानांतील स्त्रियांची पहिली शिक्षणपरिषद जानेवारी १९२७ त पुण्यासच भरली, हा केवळ योगायोग मानण्याचें कारण नाहीं. पुण्यानें तीस-चाळीस वर्षें ही भूमि नांगरून ठेविली होती.

या दोन्ही प्रवाहांत शिवणकामास इतका आदर कां मिळाला, हें पाहिलें पाहिजे. विधवेपुढें त्या काळीं मार्ग होते तरी कोणते? दुसऱ्याच्या घरीं स्वयंपाक करणें, दळण-कांडण करणें, बाळंतिणीची सेवा करणें. या सर्वांत परक्या घराचा उंबरठा ओलांडावा लागे, आणि उंबरठ्यापलीकडे अपमान व त्याहूनही वाईट प्रसंग वाट पाहत. परिचारिका व्हावयाचें म्हणजे दवाखान्यांत परपुरुषांची शुश्रूषा आली. शिक्षिका व्हावयाचें म्हणजे वर्षानुवर्षें अभ्यास आला. शिवणकामास यांपैकीं कांहींच लागत नव्हतें. तें घरीं बसून होई, लेकरूं मांडीजवळ निजवून होई, आणि विटाळ-चांडाळाचा प्रश्नही त्यांत फारसा येत नसे. म्हणून ज्यांनीं मुलीच्या इंग्रजी शिक्षणास विरोध केला, त्यांनींही सुईस विरोध केला नाहीं. सुधारक आणि सनातनी यांचें ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झालें, त्यांत शिवणकाम होतें.

परंतु सर्वांस जें मान्य होतें त्याची पारख अधिक सावधपणें करावी लागते. शिवणकाम उंबरठ्याच्या आंत होतें हें त्याचें सामर्थ्य, आणि तेंच त्याचें वैगुण्य. जें काम घरांत बसून, इतर कामें संभाळून होतें, त्याचा तास कोणी मोजीत नाहीं. दुकानदार नगावर मजुरी देतो. आणि नगाचा दर ठरवितांना तो मनांत म्हणतो कीं, या बाईस घरचा आधार आहे, हें तिचें वरकड उत्पन्न. जिला आधार नाहीं म्हणून ती सुई धरते, तिलाच आधार आहे असें गृहीत धरून कमी मजुरी मिळते. यापरता मोठा अन्याय कोणता? पुन्हा शिवणाऱ्या बायका आपापल्या घरीं विखुरलेल्या. एकीस काय दर मिळतो तें दुसरीस ठाऊक नसतें. गिरणींतील मजूर एका फाटकांतून बाहेर पडतात आणि एकमेकांशीं बोलतात. शिवणारणीचें फाटक म्हणजे तिचेंच दार.

हा दोष केवळ आपल्या देशाचा नव्हे. १८४३ सालीं टॉमस हुड या इंग्रज कवीनें लंडनच्या सदरे शिवणाऱ्या स्त्रियांच्या दैन्यावर एक कविता 'पंच' नियतकालिकांत प्रसिद्ध केली, आणि सारें इंग्लंड हळहळलें. त्यानंतर तीन वर्षांनीं हाव याचें पेटंट झालें. यंत्र आलें म्हणजे शिवणारणीचें दुःख सरेल अशी अनेकांची कल्पना. प्रत्यक्षांत झालें तें असें कीं, सदरा लवकर होऊं लागला म्हणून सदऱ्याची मजुरी उतरली, आणि पूर्वींइतकेच पैसे मिळण्यास पूर्वींहून अधिक सदरे शिवावे लागूं लागले.

महात्मा गांधी यंत्रयुगाचे कठोर टीकाकार. तथापि १९२४ सालीं या विषयावर बोलतांना त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद मानिलें. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरनें तें निर्मिलें, त्याच्या मुळाशीं लोभ नसून प्रेम आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. सिंगरच्या चरित्राचा आतां अधिक शोध लागला आहे, आणि त्याची दृष्टि नफ्यावरच होती असें त्यावरून दिसतें. परंतु महात्माजींनीं केलेला भेद त्यामुळें लटका पडत नाहीं. यंत्र माणसाच्या हाताखालीं आहे, कीं माणूस यंत्राच्या हाताखालीं, हा तो भेद. शिवणयंत्र ज्या स्त्रीच्या मालकीचें आहे, तिचा हात त्यानें लांब होतो. जें यंत्र हप्त्याचें आहे, कापड व्यापाऱ्याचें आहे, दरही व्यापाऱ्याचाच आहे, तेथें यंत्र स्त्रीच्या घरीं असूनही ती त्याची चाकर होते.

पुढील काळाचा आढावा थोडक्यांत घ्यावयाचा तर असा. १९३५ च्या सुमारास कलकत्त्यास 'उषा' हें देशी शिवणयंत्र निघालें आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांत यंत्राचा प्रवेश सुकर झाला. लग्नांत मुलीस शिवणयंत्र द्यावयाची चालही पडली. स्वातंत्र्यानंतर गांवोगांव महिला मंडळें निघालीं आणि शिवणवर्ग हा त्यांचा ठरलेला उपक्रम झाला. परंतु शिवणारणीच्या मजुरीचा प्रश्न हातीं घेण्यास फार काळ जावा लागला. १९७२ सालीं इला भट्ट यांनीं अहमदाबादेस 'सेवा' हा स्वयंरोजगारी स्त्रियांचा संघ स्थापिला, आणि घरीं बसून चिंध्यांच्या खोळी व कपडे शिवणाऱ्या स्त्रियांचे दर संघशक्तीनें वाढवून घेण्याचे प्रयत्न केले. १९९६ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें घरीं काम करणाऱ्यांविषयीं स्वतंत्र करारनामा संमत केला. २००८ सालच्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यांत घरीं बसून काम करणाऱ्यांची व्याख्या आली. २०२३ सालीं मध्यवर्ती सरकारनें कारागिरांसाठीं जी विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. विधवेच्या हातांतील सुई प्रथम दयेचा विषय होती, मग शिक्षणाचा झाली, आणि शेवटीं कायद्याचा झाली. या तीन पायऱ्या चढावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

आतां ज्या घरांतून हा विषय व्यवहाराचा म्हणून विचारिला जातो, तेथें इतिहासापासून काय घेतां येईल? पहिली गोष्ट ही कीं, शिवतां येणें आणि शिवणाचा धंदा करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. टीप सरळ येणें हें सरावाचें काम आहे. तें कोणासही साधतें. धंद्याचा प्राण बेतण्यांत आहे. अंगाचें माप घेऊन तें सपाट कापडावर उतरविणें, मुंढा व गळा यांची गोलाई साधणें, काठ वांयां जाऊं न देणें, आणि दोन वर्षांनीं उसवून मोठें करतां यावें एवढें कापड आंत राखणें, हें ज्ञान जिच्यापाशीं आहे तिला गिऱ्हाईक शोधीत येतें. जी केवळ दुसऱ्यानें बेतलेले तुकडे जोडते, तिला दर शोधीत हिंडावें लागतें. जुन्या शिंप्यानें कात्री स्वतःपाशीं ठेवून सुई बायकोच्या हातीं दिली, त्यांतील रहस्य हेंच होतें. ज्या शिवणवर्गांत सुई शिकविली पण कात्री शिकविली नाहीं, त्या वर्गानें मजूर निर्माण केले, कारागीर नव्हे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दोरा, अस्तर, बटणें, तेल, यंत्राची दुरुस्ती हे खर्च बहुतेक स्त्रिया धरतात. परंतु स्वतःचे तास धरीत नाहींत. एक पोलकें शिवावयास बेतण्यापासून इस्तरीपर्यंत किती वेळ लागला, याची नोंद महिनाभर ठेवून पाहिली तर ताशीं काय पडतें तें दिसून येईल, आणि दर ठरवितांना संकोच राहणार नाहीं. ओळखीच्या बाईकडून पैसे कसे घ्यावे, हा प्रश्न वाण्यास कधीं पडत नाहीं. तो शिवणारणीस पडतो, कारण तिच्या कामास रिकामपणाचें काम म्हणावयाची जुनी संवय अद्याप गेलेली नाहीं. मोल सांगणें यांत कमीपणा नाहीं; मोल न सांगणें यांत मात्र पुढच्या शिवणारणीचेंही नुकसान आहे.

तिसरी गोष्ट एकाच धाग्यावर सर्व भार न टाकण्याची. तयार कपड्यांचा बाजार वाढत गेला तसतसें साध्या सदऱ्या-झग्यांचें काम घरगुती शिवणारणीच्या हातून निसटलें. जें टिकलें तें अंगाबरोबर बसवावयाचें काम: ब्लाऊज, मुलींचे सणासुदीचे पोशाख, दुरुस्ती, लुगड्या-साड्यांस फॉल व पिको. जिच्यापाशीं बेतण्याची विद्या होती ती या बदलांत तरली. केडगांवच्या सदनांत अनेक उद्योग शेजारीं शेजारीं चालत, त्यांतील शहाणपण येथेंही उपयोगी आहे.

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवासच निवर्तल्या. रमाबाई रानडे १९२४ सालीं पुण्यास. दोघींचे धर्म निराळे, मार्ग निराळे, स्वभावही निराळे. पण दोघींसही वैधव्याचा चटका बसला होता, आणि परावलंबी स्त्रीस उपदेश पुरत नाहीं, तिच्या हातीं साधन द्यावें लागतें, ही गोष्ट दोघींसही उमगली होती. दोघींच्या संस्था आजही चालू आहेत. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या यवतावरून आणि केडगांवावरून आजही जातात, आणि त्यांतील उतारूंच्या अंगावर शिवलेलें वस्त्र नाहीं असा माणूस विरळा. त्या वस्त्राच्या किंमतींत कापडाचा वांटा असतो, व्यापाऱ्याचा असतो, वाहतुकीचा असतो. शिवणाऱ्या हाताचा वांटा त्यांत किती, हें विचारावयास पंडिता रमाबाईंच्या 'स्वावलंबन' या पहिल्या शब्दानें शिकविलें. आणि तो वांटा पुरता पदरीं पडेपर्यंत तो शब्द जुना होणार नाहीं.